धाकटा दगड

आमच्या गावच्या आखाड्यात दम ही एक मोजता न येणारी, पण सर्वांना दिसणारी वस्तू होती. 'दिसणारी' हा शब्द मी विचारपूर्वक वापरते. वस्तादांच्या पोटावर लाठीचा तडाखा बसला आणि मोडली ती लाठी, हे डोळ्यांनी पाहिलेले लोक गावात होते; त्यांना जागचे हलवू पाहून स्वतःच धापा टाकत बसलेलेही होते. दम म्हणजे नुसता श्वास नव्हे, असे वस्ताद सांगत. श्वास आत घ्यायचा, बेंबीखाली नेऊन बांधायचा आणि वर्षानुवर्षे तिथे साठवायचा. मग तो श्वास राहत नाही, दम होतो. पहाटे उठण्याने तो वाढतो, मातीत घुमण्याने मुरतो. रागाने, फार बोलण्याने आणि बायकोजवळ निजण्याने गळतो. दम पुरता मुरलेल्या माणसाच्या छातीवर दगड ठेवून घणाने फोडला तरी त्याला काही होत नाही, आणि हे दरवर्षी नागपंचमीला सर्व गावासमोर सिद्ध केले जाई.

मुलींना आखाड्यात पाय ठेवता येत नसे. मी ते सारे लहानपणापासून कुडाच्या फटीतून पाहिले. तेल, ताक आणि हळद घालून मळलेली तांबडी माती, कोपऱ्यातला शेंदूर फासलेला मारुती, भिंतीला टेकवलेल्या मुद्गलांची जोडी आणि दाराशी उभ्या केलेल्या दगडाच्या फाड्या. या फाड्या दरेकशाच्या डोंगराकडून बैलगाडीने येत. दरवर्षी दोन येत, एक मोठी आणि एक लहान. गावात त्यांना थोरला गोटा आणि धाकटा गोटा म्हणत. थोरला वस्तादांचा. धाकटा त्या शिष्याचा, ज्याला त्या वर्षी प्रथमच दगडाखाली निजायचे असे. धाकटा थोरल्याच्या निम्म्यानेही जाड नसे. नव्या माणसाचा दम कच्चा असतो, तेव्हा त्याला झेपेल एवढाच दगड द्यावा, ही त्यामागची समजूत. ती दयेतून आलेली होती, हे मान्य केले पाहिजे.

मी नागपूरला विज्ञानाच्या वर्गात शिकत होते. तिरोड्यापासून बोदलकशाच्या तलावापर्यंतच्या आमच्या टापूत, आमच्या जातीत, मुलगी इतके शिकल्याचे उदाहरण नव्हते. आम्ही तलाव बांधणाऱ्यांच्या कुळातले. पाणी कुठे अडेल आणि पाळ, म्हणजे तलावाचा बांध, कुठे फुटेल याचा विचार घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या होत आला होता, पण तो पुस्तकातून कोणी केला नव्हता. वडील गेल्यावर शेती दादाने अंगावर घेतली आणि मला शिकवण्याचा हट्टही त्यानेच धरला. त्या वर्षी आषाढात मला हिवताप आला. अंगात उभे राहण्याचे बळ उरले नाही, म्हणून मी घरी आले, आणि ताप उतरल्यावर कळले की या नागपंचमीला धाकट्या गोट्याखाली दादा निजणार आहे.

मी धाकटा गोटा जाऊन पाहिला. पाहताच जे मनात आले ते इथे साध्या शब्दांत लिहिते. घणाचा धक्का दगडाला बसतो, छातीला नव्हे. छातीला इजा होते ती दगड खाली दबल्यामुळे. दगड जितका जड, तितका त्याच धक्क्याने तो कमी दबतो. लोहार ऐरण जड ठेवतो ती याच कारणाने. हलकी ऐरण घावासरशी उडेल. म्हणजे वस्ताद ज्या मोठ्या दगडाखाली निजत तो त्यांना घणापासून वाचवणारा दगड होता, आणि नवशिक्याला दया म्हणून दिलेला पातळ दगड हा जवळजवळ घणच होता. गावाने सुरक्षित गोष्ट पराक्रमासाठी राखून ठेवली होती आणि धोक्याची गोष्ट कच्च्या माणसाला देऊ केली होती.

या तर्काला गावातच एक पुरावा होता. आमच्या गल्लीच्या टोकाला एक मनुष्य दोर वळत बसलेला असे. काही वर्षांपूर्वी तो धाकट्या गोट्याखाली निजला होता. घाव बसला, दगड फुटला, लोकांनी जयजयकार केला, आणि हा उठून बसला तो तोंडातून रक्त टाकीत. तेव्हापासून त्याला धड श्वास घेता येत नसे. बोलताना वाक्याच्या मध्यावर थांबून तो हवा गोळा करी. त्याच्यात दम नव्हता, असा गावाचा निर्णय झाला. का नव्हता, याचाही निर्णय झाला. दगडाखाली निजण्याआधीच्या व्रताच्या महिन्यात तो बायकोकडे गेला असला पाहिजे. तो नाही म्हणत होता, तीही नाही म्हणत होती. पाणवठ्यावर बायका तिला 'दमखाऊ' म्हणू लागल्या. वर्षभरात ती माहेरी निघून गेली आणि परत आली नाही.

दादाच्या छातीला काय होऊ शकते, हे मला कळत होते. वहिनीचे काय होईल, हे वहिनीला कळत होते. दादा अंथरुणाला खिळला असता तर माझे नागपूर तिथेच संपले असते, हेही मी जाणून होते, आणि ते लपवण्याचे कारण मला दिसत नाही.

दादा तेव्हा व्रतात होता. महिनाभर आखाड्यातच निजायचे, घरी फक्त जेवायला यायचे, आणि जेवतानाही बायकोकडे पाहायचे नाही, असा नियम. वहिनी ताट वाढून भिंतीकडे तोंड करून उभी राही. भाताच्या रोवणीचे दिवस होते. दिवसभर चिखलात वाकून आलेली बाई भिंतीकडे तोंड करून उभी, आणि नवरा खाली मान घालून भात कालवतोय, हे दृश्य मी रोज पाहत होते. एकदा तिने भिंतीलाच विचारले, "भाजीत मीठ बराबर हाय का म्हनते मी भितीले. ते त बोलू शकते न?"

दादा हसला, आणि हसल्यानेही दम गळतो हे आठवून लगेच गंभीर झाला.

मी त्याला बोडीच्या पाळीवर गाठले. आमची बोडी म्हणजे घरामागचा लहानसा तलाव. तो गुरे धूत होता. मी त्याला ऐरणीचे उदाहरण दिले, दोर वळणाऱ्याचे दिले, आणि शेवटी स्वच्छ सांगितले की निजायचेच असेल तर थोरला गोटा माग. त्याने म्हशीच्या पाठीवर पाणी टाकणे थांबवले नाही. त्याचे म्हणणे असे होते की थोरला गोटा मागणे म्हणजे मला वस्तादांइतका दम आहे असे म्हणणे. आखाड्यात असे कोणी म्हटलेले नाही, आणि जो म्हणेल त्याला पुन्हा आत घेऊ नये.

"मी अजून माती झाडून राहिलो तिथं," तो म्हणाला. "आन थोरला गोटा मागू? वस्तादाची पगडीच कायले नाही मागत मंग?"

मी म्हटले, पगडीने छाती फुटत नाही.

"तुले भेव वाटते म्हनून तू हे हिसाब करून राहिली, बाई," तो म्हणाला. रागाने नव्हे. राग त्याला वर्ज्य होता.

त्याचे म्हणणे अर्धे खरे होते. मी घाबरले होते आणि म्हणून हिशेब केला होता. पण घाबरून केला म्हणून हिशेब चुकत नाही. तरीही तो तोंडी होता, आणि तोंडी हिशेबावर कोणाचा संसार टांगू नये एवढे मला कळत होते. तो करून पाहायला हवा होता. करून पाहायला दोन दगड, एक घण आणि छातीच्या जागी ठेवायला काहीतरी हवे होते, शिवाय घण उचलणारे हात. कारण हिवतापाने माझ्या हातांत कळशी उचलण्याचेही बळ ठेवले नव्हते.

हात वहिनीचे. तिला मी सगळे समजावून सांगितले तेव्हा ती चुलीत फुंकर घालीत होती. फुंकणी बाजूला ठेवून तिने एकच विचारले, "म्हंजे जड गोट्यानं कमी लागते?" मी हो म्हटले. ती उठली, लुगड्याचा काष्टा आवळला आणि लोहाराकडून घण घेऊन आली. गोठ्याची खुंटी ठोकायची आहे, असे त्याला सांगितल्याचे तिने मला सांगितले.

छातीच्या जागी आम्ही बोडीच्या तळची चिकणमाती घेतली. पाळीसाठी आमच्याकडे तीच वापरतात. नीट मळली की ती दाब पडेल तितकीच बसते आणि बसलेली तशीच राहते. एकाच मळणीचे दोन सारखे गोळे केले. जड दगड म्हणून गोठ्याच्या दाराशी पायरीला लावलेली फाडी उपटली. पातळ दगड म्हणून घरात एकच होता, वहिनीचा पाटा.

"पाटा फुटला त चटनी तुह्या डोक्यावर वाटीन," ती म्हणाली.

घण एकच, हात तेच, उचलण्याची उंची भिंतीवर कोळशाने खूण करून ठरवलेली. जड फाडीखालचा गोळा घावानंतर फार बदलला नाही. फाडीच्या नुसत्या वजनाने जेवढा बसला होता त्याहून किंचित चपटा झाला. पाट्याखालचा गोळा मात्र कडेने फाकला आणि मधोमध खोलगट झाला. आम्ही गोळे पुन्हा मळून पुन्हा केले. तेच झाले. वहिनी दर वेळी गोळा हातात घेऊन बघे आणि त्याच्या फाकलेल्या कडा अंगठ्याने बसवून टाकी, जणू तो तसाच राहणे बरे नव्हे.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी वस्तादांना नव्या शिष्याच्या घरी जेवण असते. वस्ताद उंच होते. तारुण्यात गोंदियाला गिरणीत पोती वाहत आणि तिथल्याच एका उत्तरेकडच्या उस्तादाकडे त्यांनी हे शिक्षण घेतले होते. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात हिंदी अधूनमधून येई. केस पांढरे झाले होते, छाती तेवढी तरुण राहिली होती. दादा त्यांना वाढून आखाड्यात परत गेला. जेवण झाल्यावर मी त्यांना मागच्या अंगणात येण्याची विनंती केली. एका मुलीने वस्तादांना काही दाखवावे, हा प्रकार त्यांना नवा होता. बहुधा म्हणूनच ते आले.

आम्ही काही न बोलता दोन्ही गोळे मांडले. वहिनीने डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला आणि तशीच, पदराआडून, घण उचलला. फाडीवर घाव घातला. मग पाट्यावर घातला. पाटा मधोमध दुभंगला आणि त्याखालचा गोळा भाकरीसारखा पसरला. वहिनी पाट्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. त्यावरून तिच्या मनाची अवस्था मला कळली.

वस्ताद उकिडवे बसले. पसरलेल्या मातीत त्यांनी बोट घालून पाहिले.

"माती दम नाही धरत, पोरी," ते म्हणाले.

हा आक्षेप चांगला होता, हे मी त्या क्षणीही मान्य केले. माझ्या प्रयोगात दम हा घटक नव्हताच. तेव्हा दमाविषयी तो काही सांगू शकत नव्हता. मी वाद घातला नाही. मी त्यांना विचारले, तुमच्या आयुष्यात सर्वांत जास्त कोणत्या वर्षी दुखले?

त्यांनी मोठ्या उत्साहाने सांगितले. कारण हीच तर दमाची साक्ष, असे त्यांना वाटत होते. पहिल्या वर्षी, धाकट्या गोट्याखाली. बरगडी मोडली होती. कोणाला कळू दिले नाही, हसत उठले आणि पोते वाहायला गेले. पुढच्या वर्षी उस्तादाने जरा जड दगड दिला, तेव्हा दुखले, पण कमी. मग दगड जड होत गेला आणि दुखणे कमी होत गेले. थोरल्या गोट्याखाली निजायला लागल्यापासून तर काहीच लागत नाही; दूर कोणाच्या तरी दारावर थाप पडल्यासारखे वाटते, एवढेच.

"दम मुरत गेला न," ते म्हणाले. "साल दर साल."

त्यांचे निरीक्षण अचूक होते. दर वर्षी त्यांनी नीट लक्ष ठेवले होते, काही विसरले नव्हते, काही वाढवून सांगितले नव्हते. त्यांनी आयुष्यभर एक प्रयोग केला होता आणि त्याचे निष्कर्ष माझ्या मातीच्या गोळ्यांशी तंतोतंत जुळत होते; फक्त दगडाचे वजन आणि दम या दोन गोष्टी बरोबरीने वाढत गेल्या, आणि त्यांनी श्रेय दुसरीला दिले. त्यांच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच केले असते.

मी दुभंगलेल्या पाट्याकडे बोट दाखवून म्हटले, "वस्ताद, तुमची बरगडी याखाली मोडली."

मग त्यांचा हात आपोआप डाव्या कुशीकडे गेला आणि तिथेच थांबला. एवढ्यात वहिनी पदराआडून बोलली. वस्तादांशी ती पहिल्यांदाच बोलत होती.

"बावाजी, उद्या त्याइले काही झालं त लोक मलेच दमखाऊ म्हनतीन. म्या त महिनाभर त्याइचं तोंड बी नाही पाह्यलं. भितीले इचारा."

वस्तादांनी काठी घेतली आणि ते निघून गेले. वहिनीने घण धुतला, पाट्याचे दोन तुकडे भिंतीशी एकावर एक ठेवले.

नागपंचमीला सकाळी पावसाची झड थांबली होती. आखाड्याचा कूड एका बाजूने काढून ठेवला होता आणि बायका वडाच्या पारावर उभ्या होत्या. दोर वळणारा मनुष्यही येऊन बाजूला बसला होता. दोन्ही दगड हळदकुंकू लावून मांडले होते. दादाने मारुतीला नमस्कार केला, वस्तादांच्या पाया पडला आणि मातीत उताणा झाला. त्याच्या छातीवर घडी घातलेले घोंगडे ठेवले. शिष्यांनी धाकटा गोटा उचलायला हात घातला.

"थोरला," वस्ताद म्हणाले.

शिष्यांना वाटले, ऐकण्यात चूक झाली. ते तसेच वाकून राहिले. वस्तादांनी डोक्याची पगडी काढली, दादाच्या शेजारी गुडघ्यावर बसले आणि आपला तळवा त्याच्या बेंबीवर ठेवला. तेव्हा जाणत्या लोकांत कुजबुज सुरू झाली. दम देणे हा विधी आखाड्यात सर्वांनी ऐकलेला होता, पण पाहिलेला कोणी नव्हता. वस्ताद आपला साठवलेला दम शिष्याला देऊन टाकतो. त्यानंतर तो रिकामा होतो, पुन्हा दगडाखाली निजू शकत नाही, अंगरखा काढून मातीत उतरू शकत नाही. पगडी शिष्याची होते आणि थोरला गोटाही त्याचा. म्हातारपणी, अंथरुणावरून द्यायची ही गोष्ट. धडधाकट वस्तादाने, भर आखाड्यात, पहिल्यांदाच निजणाऱ्या शिष्याला ती द्यावी, याला काही कारण असले पाहिजे असे सर्वांना वाटले, आणि ते कारण दादाच्या योग्यतेत आहे असे सर्वांनी धरले. पारावर एक बाई वहिनीला म्हणाली, "काय नशीब वो तुह्यं." वहिनीने मान हलवली. तिचे डोळे दगडावर होते.

दोघांचे श्वास एका लयीत येईपर्यंत वस्ताद तळवा ठेवून बसले. दादाच्या कानाशी ते काहीतरी सांगत होते. श्वास कुठे न्यायचा, कुठे धरायचा, असे असावे. मग थोरला गोटा छातीवर ठेवला गेला. दादाचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा फुगल्या, आणि मला माझ्या हिशेबातले एक न्यून त्या वेळी दिसले. घणापासून जड दगड वाचवतो. पण जड दगडापासून कोण वाचवणार? ते वजन छातीवर घेऊन स्थिर राहायला महिनोन्‌महिने कमावलेला श्वास लागतो. मातीचा गोळा वजनाने चेपला तरी गुदमरत नाही, म्हणून ही गोष्ट माझ्या प्रयोगात आलीच नव्हती. वस्तादांचा आक्षेप मी तर्क म्हणून मान्य केला होता. आता तो माझ्या भावाच्या छातीवर ठेवलेला होता.

घण वस्तादांनी स्वतः घेतला. त्यांनी तो संथपणे उचलला आणि पूर्ण ताकदीने घातला. पहिल्या घावाला दगडाला चीर गेली, दुसऱ्याला तो दुभंगला. शिष्यांनी तुकडे बाजूला ओढले. दादा जरा वेळ तसाच पडून राहिला, आणि मग उठून बसला. त्याने तोंड पुसले. लोक त्याच्या हाताकडे पाहत होते, मीही पाहत होते. हाताला माती होती, रक्त नव्हते.

दुपारी तो पगडी घालून घरी आला. काय वाटले, असे मी त्याला विचारले. वजन होते तोवर जीव घाबरला, घावाचे मात्र काही नाही, असे तो म्हणाला. दूर कोणाच्या दारावर थाप पडावी तसे. "वस्तादाचा दम हाय, बाई," त्याने सांगितले, आणि बेंबीवर हात ठेवून दाखवले, जणू तिथे एखादी वस्तू ठेवलेली होती. त्याला ते खरेच जाणवत होते; आणि जाणवणे ही घटना खोडून काढण्याचे साधन माझ्याजवळ नव्हते. ताट वाढून वहिनी भिंतीकडे वळू लागली तेव्हा तो तिला म्हणाला, "आता इकडं पाह्यलं तरी चालते."

"पाह्यते मंग," ती म्हणाली. "काही सवय नाही राह्यली."

वस्तादांची नंतर एकदा भेट झाली, मी नागपूरला परत निघाले त्या दिवशी. ते आखाड्याबाहेरच्या कट्ट्यावर अंगरखा घालून बसले होते. आत मुलांचे घुमणे चालू होते आणि ते बाहेरून पाहत होते, मी पूर्वी पाहत असे तसे. त्यांना माझे म्हणणे पटले होते की नाही, हे जाणून घेतल्याशिवाय जाणे मला शक्य नव्हते. मी सरळ विचारले.

"आयकलं म्या तुह्यं," ते म्हणाले. "मानलं नाही."

का, असे मी विचारले.

"तू म्हनते ते खरं असन त माझा दम कधी वाढलाच नाही. गोटाच वाढत गेला." त्यांनी आतल्या मुलांकडे पाहिले. "मंग मी इतके साल काय करून राह्यलो होतो?"

आता एक उत्तर सुचते. ते वजनाखाली श्वास घ्यायला शिकत होते आणि शिकवत होते, आणि ती गोष्ट क्षुल्लक नाही. पण ते ज्या नावाने ती करत होते ते नाव वगळून हे उत्तर त्यांना दिले असते, तर त्यांच्या दृष्टीने त्यात काही उरले असते असे मला वाटत नाही. एवढे मात्र खरे की ज्या गोष्टीवर त्यांचा विश्वास बसला नाही, तिच्यासाठी त्यांनी आपल्याजवळचे सर्वांत मोठे होते ते देऊन टाकले. पटले नसते तर दिले असते का, आणि पटले असते तर ते देण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटले असते का, याचा विचार मी गाडीत बसून पुष्कळ केला. गोंदियाला गाडी बदलेपर्यंत माझा निर्णय झाला नाही. अजून झालेला नाही.

पुढच्या वर्षी पगडी दादाकडे होती आणि नवा शिष्य निजायचा होता. सुट्टीत मी घरी आले तेव्हा नागपंचमी होऊन गेली होती; वहिनीने हकिकत सांगितली. डोंगराकडून त्या वर्षी दोन्ही गोटे जाडच आले. धाकटा का नाही, असे जुन्या लोकांनी विचारले, तेव्हा दादाने सांगितले की पातळ गोट्यात दमाला जागा मिळत नाही, तो उलटून छातीत शिरतो. आणि वजन पेलण्याचा सराव सहा महिने आधी सुरू केल्याशिवाय कोणी निजायचे नाही. वस्तादांनी कट्ट्यावरून मान हलवली आणि प्रश्न मिटला. नियम बरोबर होता. त्याचे कारण चूक होते. दोर वळणाऱ्यासारखा माणूस आमच्या आखाड्यातून यापुढे निघणार नाही, आणि मला अभिप्रेत असलेला परिणाम माझे एकही वाक्य न वापरता गावाने स्वीकारला होता. मला आधी हे टोचले. मी त्या वर्षी पदवीला पहिल्या वर्गाची आशा धरून होते आणि माझ्या वाक्यांची मला फार किंमत होती.

वहिनी बोलता बोलता मिरच्या वाटत होती. तिचा हात ज्या दगडावर चालला होता तो मला ओळखीचा वाटला. मागच्या वर्षी न वापरता राहिलेला धाकटा गोटा होता तो. त्यात दम उतरलेला नाही, रिकामाच आहे, तेव्हा घरात वापरायला हरकत नाही, असे दादाने सांगितल्यावर तिने टाकी लावणारीकडून तो छिन्नीने खरखरीत करून घेतला होता.

"पाटा म्हनून मस्त हाय," ती म्हणाली. "पातळ हाय न. उचलाले सोपा."